धरणाकाठची तहान

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा १९३२ साली राहावयास आले, तेव्हा ती दलितांची लहानशी वस्ती होती. त्याआधी चार वर्षे, १९२८ मध्ये, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले होते. परंतु गावोगावच्या विहिरींचे काठ त्यामुळे एका रात्रीत मोकळे झाले नाहीत. पाणी कोणाला, कोठे आणि कोणाच्या हातून मिळते, यावर माणसाची समाजातील जागा ठरत होती. पुढे १९४८ साली याच विनोबांनी फाळणीत उखडल्या गेलेल्या निर्वासितांमध्ये काही महिने काम केले. नालवाडीच्या त्या इतिहासाची आठवण आज करण्याचे कारण एवढेच की, विहिरीचा प्रश्न संपलेला नाही. फक्त विहिरीवर ताटकळणाऱ्या माणसाचे नाव बदलले आहे. त्याला आता ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात.

विदर्भात या शब्दाचा अर्थ समजून घ्यावयाचा तर गोसीखुर्दकडे पाहावे. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांनी आपली शेते, देवळे व स्मशाने पाण्याखाली जाताना पाहिली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला होता. तो पुढे सुधारलाही. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा देण्याचे बंधन शासनावर आहे आणि त्यांत पिण्याचे पाणीही आहे. त्या सुविधांबाबतच्या तक्रारी मात्र वर्षानुवर्षे चालू आहेत. ज्यांनी इतरांच्या पाण्यासाठी घर सोडले, त्यांनीच पाण्यासाठी अर्ज करीत फिरावे, यासारखी विटंबना दुसरी नाही.

येथे दुखणे टाकी बांधण्याचे क्वचितच असते. टाकी बांधली जाते, नळ बसतात, उद्घाटनही होते. मग विजेचे बिल येते. जमीन गमावलेल्या गावाची पाणीपट्टी थकते, ग्रामपंचायतीचे बिल थकते, जोडणी तुटते आणि नळ कोरडे पडतात. आता हिशेब पाहा. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर ५०० वस्तीच्या गावठाणाला २७,५०० लिटर पाणी लागते. ते पन्नास मीटर वर चढविण्यास, पंपाची सारी गळती व घट धरूनही, दिवसाला दहा युनिटांच्या आसपास वीज पुरते. म्हणजे दोन-अडीच किलोवॅटचे सौर पॅनेल. एवढ्याशा विजेसाठी गाव तहानलेले ठेवावयाचे काय?

यासाठी नवा शोध लागावयाचा नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सौर दुहेरी पंपाची योजना राबविली आहे. एकाच कूपनलिकेत हातपंपही राहतो आणि सौर विजेवरचा पाणबुडी पंपही बसतो. दिवसा पाणी वर चढते, पाच हजार लिटरच्या टाकीत साठते आणि उतारानेच नळाला येते. येथे बॅटरी लागत नाही, कारण टाकी हीच बॅटरी. श्रावणात आभाळ दाटले की हातपंप आहेच. शिवाय वैशाखात जेव्हा पाण्याची निकड सर्वाधिक, तेव्हाच विदर्भाचे ऊनही सर्वांत प्रखर. जे ऊन आपण शाप म्हणून सोसतो, ते प्रथमच कामाला येईल.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सूर्य पाणी उपसून देतो, ते शुद्ध करून देत नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरते. ज्या अंभोऱ्याच्या संगमाशी मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे नाव विदर्भ जोडतो, तेथेच ही घाण धरणाच्या फुगवट्याला भेटते. महानगराने आपले मलपाणी विस्थापितांच्या दारात सोडावे आणि वर त्यांना सौर पंपाची भेट द्यावी, ही सेवा नव्हे. कूपनलिकेचेही तसेच. विदर्भात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे आणि लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले की दात व हाडे पोखरतात. ते काढण्याची, सौर विजेवर चालणारी विद्युत्-विघटनाची पद्धत नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केली आहे. आधी पाण्याची तपासणी, मग कूपनलिकेची जागा, मग पॅनेल, हा क्रम उलटा होता कामा नये. तो अनेकदा उलटाच होतो, कारण पॅनेलचे छायाचित्र चांगले येते!

शेतकऱ्याला सौर पंप देण्यासाठी केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ पासून आहे. राज्याने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आणली. हीच तत्परता पुनर्वसित गावठाणांच्या नळयोजनांना का नसावी? शासनाने गोसीखुर्द आणि वर्धा जिल्ह्यातील निम्न वर्धा प्रकल्पाच्या प्रत्येक नव्या गावठाणातील नळयोजनेचे थकीत बिल, पाण्याचा तपासणी अहवाल आणि ग्रामपंचायतीला मिळालेले हिरवे, पिवळे की लाल कार्ड, हे तिन्ही एकत्र जाहीर करावे. गावोगावी सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी शासनाची वाटही पाहू नये. पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसणे, जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकली की नाही हे पाहणे आणि गावातल्याच दोघा तरुणांना पंप दुरुस्तीचे शिक्षण मिळवून देणे, ही कामे उद्या सकाळी सुरू करता येतील.