रात्रीचे साडेनऊ कुणाचे?

वर्क फ्रॉम होम संपलं, आता कामं धडाधड होणार! असं म्हणणारा बॉस तुमच्याकडेही असेलच. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यायची गरज उरणार नाही. २०२३ मध्ये त्यांनीच आठवड्याचे पाच दिवस हजेरी लावली. ठीक आहे. पण मला सांगा, ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये शेजारी-शेजारी बसलो तरी अर्धी टीम न्यू जर्सीलाच ना? म्हणजे आपण रिमोटच की!

खरी गोची घड्याळात आहे. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. त्यांचा सकाळी अकराचा कॉल थंडीत आपल्याकडे रात्री साडेनऊला. जागरण कुणाचं? कायम आपलंच. मग ट्रान्स-हार्बरची उशिराची लोकल, घरी गार झालेलं जेवण. प्रॉडक्टिव्हिटी येणार कुठून, बाबांनो?

आमच्या टीमने निघताना पाच ओळी लिहायला सुरुवात केली: काय झालं, काय अडलं, कुणाकडून काय हवंय. (चॅटवरचा हिरवा ठिपका जिवंत ठेवत बसण्यापेक्षा हे बरं.) निम्म्याहून जास्त कॉल आपोआप गळले. उरलेला आठवड्याचा एक कॉल आता आलटून-पालटून, एकदा रात्र आपली, एकदा त्यांची. थंडीत आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. पहिल्याच खेपेला तिकडचा मॅनेजर जांभया देत होता. एरवी तासभर चालणारी मीटिंग वीस मिनिटांत आटोपली!