यशाची लक्षणे आणि अनुपशयाची वही

यशस्वी माणसांचे गुण आणि सवयी सांगणाऱ्या ग्रंथांचा व व्याख्यानांचा सध्या सुकाळ आहे. स्टीफन कव्ही यांचे सात सवयींवरील पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर या विषयाला जणू बहर आला. आपल्या संघटनेच्या मेळाव्यांतूनही असे एखादे व्याख्यान हमखास ठेवले जाते. पहाटे उठावे, ध्येय निश्चित करावे, वेळेचे नियोजन करावे, चिकाटी सोडू नये, असा उपदेश ऐकून नवोदित वैद्य उत्साहाने घरी परततात. सहा महिन्यांनी चिकित्सालयातील रुग्णसंख्या वाढलेली नसली, म्हणजे दोष आपल्यातच आहे असे मानून खचतात. या तरुण मित्रांसाठीच हा लेखनप्रपंच आहे.

उपदेशातील एकही गोष्ट खोटी नाही. ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा आदेश तर आपल्या दिनचर्येच्या अध्यायातच आहे. प्रश्न आहे तो अनुमानाच्या पद्धतीचा. दहा यशस्वी माणसे निवडायची, त्यांच्यातील समान सवयी शोधायच्या आणि त्यांनाच यशाचे कारण ठरवायचे, ही पद्धत निदानशास्त्र शिकलेल्याने तरी निमूटपणे स्वीकारू नये. त्याच सवयी असूनही ज्यांना यश लाभले नाही, त्यांची गणना कोणी केली?

आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. भल्या पहाटे भट्टी पेटवून दिवसभर एकाग्रतेने घाव घालणारे तांबट मी जवळून पाहिले आहेत. शिस्त, चिकाटी, कौशल्य, मितव्यय यांपैकी कोणता गुण त्यांच्यात नव्हता? तरीही घरोघरी स्टेनलेस स्टील आले आणि त्यांच्या भांड्यांची मागणी ओसरली. सवयी त्याच राहिल्या, काळ मात्र पालटला. या कारागिरांना कोणी व्याख्यानाला बोलावत नाही, म्हणून त्यांच्या सवयी यादीच्या हिशेबात येत नाहीत.

चरकाचार्यांनी हा प्रश्न अधिक प्रगल्भतेने हाताळला आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे यश त्यांनी चार पादांवर उभे केले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण. वैद्य त्यांत प्रधान खरा. परंतु सोळांपैकी चारच गुण त्याचे. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा पुनःपुन्हा घेतलेला अनुभव, दक्षता आणि शुचिता हे ते चार होत. यात धन नाही, कीर्ती नाही, वक्तृत्वही नाही. यश एकट्याचे नसते आणि अपयशही नाही, हे भान या मांडणीत आहे.

मग यशस्वी माणसांत समान असे काहीच नसते काय? खानदेशातीलच दोन परस्परभिन्न उदाहरणे पाहू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा संपत्ती म्हणावी असे त्यांच्यापाशी कागदपत्रांखेरीज फारसे काही नव्हते. दुसरे उदाहरण जळगावच्या भवरलाल जैन यांचे. अल्प भांडवलावर रॉकेलच्या एजन्सीपासून त्यांनी व्यवसायास आरंभ केला. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास सुरुवात केली. ठिबक सिंचनातील त्यांचे कार्य पुढचे.

एक विक्षिप्त, फटकळ व निःसंग. दुसरा कुटुंबवत्सल व व्यवहारकुशल उद्योजक. सवयींची यादी करू गेल्यास दोघांचे जुळणार नाही. तथापि एक गोष्ट जुळते. जे हाती आले ते आपल्या इच्छेप्रमाणे न वाचता, आहे तसे पाहण्याची तयारी दोघांपाशी होती. राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरले. पण त्यांनी मूळ कागदच छापून ठेवल्यामुळे त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यालाही त्यांच्याच खंडांकडे जावे लागते. केळीच्या भुकटीचा कारखाना चालत नाही हे ध्यानी घेऊन जैन यांनी त्यातून भुकटीच काढण्याचा हट्ट धरला नाही.

आपल्या परिभाषेत यालाच अनुपशयाचा आदर म्हणता येईल. उपशयाने जेवढे कळते, तेवढेच अनुपशयानेही कळते, हे आपण निदानपंचकात शिकतो. व्यवसायात मात्र विसरतो. माझाच अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमवाताचा एक रुग्ण पंधरा दिवसांत बराच सुधारला आणि येईनासा झाला. मी त्यास बरे झालेल्यांत जमा केले. चारचौघांत त्याचा दाखलाही दिला. दोन वर्षांनी आठवडे बाजारात तो काठी टेकत समोर आला. महिन्याभरातच दुखणे उलटले होते आणि तो दुसरीकडे उपचार घेत होता. “तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही,” तो संकोचाने म्हणाला. माझ्या मनाला लागू नये म्हणून त्याने सत्य लपवले आणि ते विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. त्या दिवसापासून मी एक वेगळी वही ठेवली. जो येईनासा झाला त्याचे नाव, व्याधी, दिलेला कल्प आणि तीन महिन्यांनी चौकशी केल्यावर मिळालेले उत्तर, एवढेच तीत असते. ती वही वाचणे सुखावह नाही. परंतु माझ्या हाताला कोणत्या अवस्थेत यश येत नाही, हे मला तिच्यावाचून कोणी शिकवले नसते.

औषधनिर्मात्या बंधूंनाही हेच लागू आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यावर रोष व्यक्त करणे सोपे होते. रसौषधींच्या शोधन-मारणाचा विचार स्वतंत्रपणे व्हावा, हेही रास्तच. परंतु अशा आक्षेपाला खरे उत्तर तोच देऊ शकतो, ज्याच्यापाशी प्रत्येक बॅचच्या कच्च्या द्रव्याची, तपासणीची आणि परत आलेल्या प्रत्येक बाटलीच्या कारणाची नोंद आहे. चरकोक्त शुचिता ती हीच. जाहिरातीतील प्रशस्तिपत्रे तिची जागा घेऊ शकत नाहीत.

एवढे केल्याने यश निश्चित मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही; तसे दिले तर मीही त्या याद्यांचाच लेखक ठरेन. मिळालेले यश खरे आहे की भास, एवढे मात्र या सवयीने कळते. ज्याला ते कळते, तो अपयशाने खचत नाही आणि प्रशंसेने फसत नाही.

म्हणून एक सूचना करतो. या त्रैमासिकात यशस्वी चिकित्सेचे वृत्तांत आपण आवडीने वाचतो. त्यासोबत प्रत्येक अंकात एक पान अनुपशयासाठी राखावे. ज्येष्ठांनी आपली फसलेली चिकित्सा तेथे रुग्णाचे नाव न देता प्रांजळपणे मांडावी. ज्येष्ठांची चूक वाचून धाकट्यांना जे बळ मिळेल, ते दहा व्याख्यानांनी मिळणार नाही. तांबट घागर विकण्यापूर्वी तीत पाणी भरून ठेवतो, ती कोठे गळते हे पाहण्यासाठी. पहिला वृत्तांत म्हणून माझ्या वहीतील आमवाताचे ते प्रकरण मी संपादकांकडे सोपवीत आहे.