पंचायत राज शिकवणारे सर तासावर! तालुक्याच्या कॉलेजातलं राज्यशास्त्र कोणाच्या भरवशावर?

२०२२ साली बीएच्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र घेऊन बसलेलं पोरगं २०२५ ला पदवी घेऊन बाहेर पडलं. या तीन वर्षांत ते ७३ वी घटनादुरुस्ती शिकलं. २४ एप्रिल १९९३ पासून पंचायत राजला घटनेचा आधार मिळाला, दर पाच वर्षांनी निवडणूक घ्यावीच लागते, हे त्याने पेपरात लिहिलं आणि मार्क मिळवले. पण मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली, तिथे प्रशासक बसला, आणि पोरगं पदवीधर झालं तरी प्रशासकच होता. पुस्तकात एक आणि पंचायत समितीच्या ऑफिसात दुसरंच.

आता यातलं खरं काय, हे त्या पोराला समजावून सांगणार कोण? घरचे सांगतील, "राजकारण आहे सगळं." व्हॉट्सअॅपवर चार मेसेज येतील, त्यातले तीन एकमेकांच्या विरुद्ध. खरी गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या. आयोग नेमून माहिती गोळा करा, प्रत्येक संस्थेत आरक्षण किती ते त्या माहितीवरून ठरवा आणि सगळं मिळून पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नका. तिथून आयोग, अहवाल, प्रभागरचना, पुन्हा कोर्ट अशी गाडी अडकत गेली. ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं. तेही जमलं नाही, मग ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली.

हे सगळं सरळ भाषेत, कोणाची बाजू न घेता, फळ्यावर मांडून दाखवणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी एकच असतो. कॉलेजातला राज्यशास्त्राचा प्राध्यापक. आणि गावाकडच्या बऱ्याच कॉलेजांत तोच आज तासावर आहे.

तासाचा हिशेब

तासावर म्हणजे तासिका तत्त्वावर. पोरं 'सीएचबीवाले सर' म्हणतात. शिक्षण एमए, वर नेट किंवा सेट, बऱ्याच जणांची पीएचडीसुद्धा झालेली. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. पदवीच्या एका तासाला ९०० रुपये, हा दर २०२२ मध्ये वाढवलेला. म्हणजे पूर्ण आठवडा भरला तर ८,१०० रुपये आणि पूर्ण महिना भरला तर ३२,४०० रुपये.

ऐकायला वाईट वाटत नाही. पण पूर्ण महिना भरतो कुठे? दिवाळीची सुट्टी आली, तास नाही. परीक्षा सुरू झाल्या, तास नाही. गॅदरिंग, थोर व्यक्तीची जयंती, पावसामुळे एसटी आली नाही म्हणून वर्ग रिकामा, तास नाही. तास नाही म्हणजे पैसे नाहीत. उन्हाळ्यात तर प्रश्नच नाही. खुरपणीच्या मजुराला पावसाने जसा खाडा पडतो तसाच हा खाडा. फरक एवढाच, की मजुराला आठवड्याच्या बाजाराला पैसे मिळतात आणि या सरांचं बिल कॉलेजातून सहसंचालक कार्यालयात, तिथून कोषागारात फिरत महिनोन्‌महिने अडकतं.

उसाच्या बिलासाठी निदान कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. पाळला जातो की नाही तो भाग वेगळा, पण शेतकऱ्याला भांडायला कागद तरी आहे. पोरांना हक्क आणि कायदा शिकवणाऱ्या सरांच्या हातात स्वतःच्या बिलासाठी तसा कागद नाही.

आता दुसरा हिशेब बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं. त्याचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. तेच १६ तास दोन सीएचबीवाल्यांत वाटले, तर ९०० च्या दराने चार आठवड्यांचे होतात ५७,६०० रुपये. जवळजवळ तेवढेच! मग सरकार वाचवतं काय? महागाई भत्ता, जो आता पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलाय. घरभाडं. सुट्टीतला पगार. निवृत्तीनंतरची जबाबदारी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जो माणूस एकदा घेतला की साठ वर्षांपर्यंत सांभाळावा लागतो, ती बांधिलकी. खुद्द अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा सांगितली होती. राज्याचा दर त्याच्या बराच खाली आहे.

जागा भरत नाही म्हणून पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून जागा नाही

अनुदानित कॉलेजात कायम प्राध्यापक वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याची जागा आपोआप भरत नाही. आधी त्या विषयाचा कार्यभार तपासला जातो, म्हणजे आठवड्याला किती तास होतात ते. मग बिंदुनामावली, मग सहसंचालकांची मंजुरी, मग ना हरकत, मग जाहिरात. २०१७ मध्ये तर राज्याने भरतीच थांबवली होती. नंतर काही टक्के जागांना परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ जागांना हिरवा कंदील दाखवला. पण तोवर निवृत्त होणारे होतच राहिले, विहिरीत पाझर कमी आणि उपसा जास्त तसं.

यात राज्यशास्त्रासारख्या विषयाचं दुखणं वेगळं आहे. सायन्सला प्रयोगशाळा असते, तिथे माणूस लागतोच. मराठी-इंग्रजीला भाषेचे पेपर सगळ्यांना असतात. राज्यशास्त्र पोरांनी निवडलं तरच चालतं. आणि पोरं माणूस बघून विषय निवडतात. इतिहासाला कायम सर आहेत, रोज वर्गात असतात, राज्यशास्त्राचे सर ऑगस्ट उलटला तरी नेमायचे आहेत. मग पोरगी कोणता विषय घेणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने ही निवड आणखी महत्त्वाची केली. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही ते लागू झालं. यात एक विषय मेजर, एक मायनर, बाकी कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे छोटे पेपर. आधी तीन-चार विषयांत वाटली जाणारी पोरं आता एका मेजरकडे वळतात. ज्या विषयाकडे वळली नाहीत त्याचा कार्यभार घसरतो, कार्यभार घसरला की जागा मंजूर होत नाही, आणि जागा नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी पोरं येतात. एखादा विषय बंद करायचा तर कोणी तसा आदेश काढावा लागत नाही. चार-पाच वर्षं जागा रिकामी ठेवली की पुरे.

गंमत अशी की मागणी मात्र वाढलीय. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी उत्तरांची केली. एकूण १,७५० गुणांत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, ५०० गुणांचे. त्यात राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आहे. म्हणजे ज्या पोराला गावात तीन वर्षं नीट सर मिळाले असते त्याचं निम्मं काम फीविना झालं असतं. आता ते पुण्याला जातं, कॉट बेसिसवर राहतं, मेसचा डबा खातं आणि क्लासला पैसे भरतं. बाप इकडे सोयाबीन विकून पैसे पाठवतो. तालुक्यातली एक जागा रिकामी राहिल्याची किंमत अशी घराघरात वसूल होते, ती कोणाच्या बजेटमध्ये दिसत नाही.

प्राध्यापक होण्याची वाट

मराठीतून शिकलेल्या पोराला ही वाट चढणीची आहे. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत. भा. ल. भोळे, राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर, यशवंत सुमंत यांच्यासारख्यांनी राज्यशास्त्र मराठीत आणायला आयुष्य घातलं, म्हणून गावच्या पोराला प्लेटो, मार्क्स आणि आंबेडकर मराठीतून वाचता येतात. पण परीक्षेला बसताना ती भाषा दाराबाहेर ठेवावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ सेट घेतं, तो त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. २०२४ च्या जूनमध्ये तर नेट झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांवर पोरं पुन्हा तयारीला बसली.

पीएचडीचं तसंच. विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकासाठी ती सक्तीची करणार म्हणून आयोगाने सांगितलं, मुदत पुढे ढकलली, आणि जुलै २०२३ मध्ये नेट-सेट ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक असं ठरवलं. मधल्या काळात ज्यांनी सक्तीच्या धाकाने पाच-पाच वर्षं घातली, शेत गहाण ठेवलं, ते डॉक्टर झाले आणि तासावर राहिले. वर निवडीच्या वेळी देणगीचा आकडा किती, हा प्रश्न गावोगाव उघड विचारला जातो. सगळीकडे तसं होतं असं नाही. पण ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो अर्ज करण्याआधीच निम्मा खचतो, हे खरं आहे.

कायम असलेल्यांचंही सगळं सुखाचं नाही, हेही सांगायला पाहिजे. नॅकच्या फायली, बढतीसाठी शोधनिबंध, पैसे घेऊन काहीही छापणारी मासिकं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची ड्युटी. दोघांचं काम एकटा करणारा प्राध्यापक वाचणार कधी? काही जण मात्र निवांत आहेत, तेही पोरांना माहीत असतं.

बोलायचं कसं?

राज्यशास्त्राच्या मास्तराची एक अडचण गणिताच्या मास्तराला नसते. त्याचा विषयच सत्ता आहे. आणि ग्रामीण भागात कॉलेज चालवणारी संस्था बहुतेक वेळा एखाद्या आमदार-खासदाराच्या, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या घरची असते. या संस्थांनी गावात शिक्षण आणलं, ते नाकारता येत नाही. पण घराणेशाही, सहकारातली सत्ता, पक्षांतर बंदी हे धडे त्या वर्गात शिकवताना उदाहरण कोणाचं द्यायचं? कायम माणूस एक वेळ देईल. वर्षावर्षाच्या नेमणुकीवरचे सर इंग्लंडचं उदाहरण देतात.

मोठ्या ठिकाणीही भीती आहे. हरियाणातल्या अशोका विद्यापीठातले राज्यशास्त्र विभागप्रमुख अली खान महमुदाबाद यांना ऑपरेशन सिंदूरबद्दलच्या पोस्टवरून १८ मे २०२५ ला अटक झाली, तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला. त्यांच्या पोस्टबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण निदान देशभर चर्चा झाली. तालुक्याच्या सीएचबी सरांसाठी पोलीस लागत नाहीत. पुढच्या वर्षी नेमणुकीचं पत्र येत नाही, आणि त्याची बातमीही होत नाही.

यात गावाचं नुकसान दोन बाजूंनी आहे. वर्गात खरं बोललं जात नाही, हे एक. दुसरं, गावाला काय वाटतं हे बाहेर जाण्याची एक वाट बुजते. निवडणुकीनंतर 'शेतकऱ्यांनी कोणाला मत दिलं', 'बायकांचं मतदान कुठे गेलं' असे जे आकडे येतात, त्यातलं लोकनीती-सीएसडीएसचं काम गेली अनेक वर्षं विद्यापीठ-कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या आणि पोरांच्या मदतीने होतं. गावात जाऊन, यादीतल्या घराचं दार वाजवून, ओट्यावर बसून प्रश्न विचारायला शिकलेली ही पोरं असतात. विभागच नसेल तर ती तयार कुठे होणार? मग गावाचं मत मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओत बसून ठरेल. आत्ताही बरंचसं तसंच ठरतं.

बारावीचा निकाल लागला की पालक कॉलेजात फी किती, हॉस्टेल आहे का, एसटीचा पास मिळेल का एवढं विचारतात. त्याच खिडकीवर आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. या विषयाला मंजूर जागा किती, भरलेल्या किती? तासावरचे सर कोणत्या महिन्यात नेमणार? तोंडी उत्तर मिळालं नाही तर अनुदानित कॉलेजात माहितीच्या अधिकाराचा अर्ज चालतो. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती ठेवलीय. त्यात संस्थेचे, प्राध्यापकांचे आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी असतात, तसे चार स्थानिक सदस्यही असतात, आणि त्यातला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ते चार जण कोण आहेत आणि रिकाम्या जागांचा विषय त्यांनी शेवटचा कधी काढला, हे तिथल्या इतिवृत्ताच्या वहीत सापडेल.