तपासलेली वही दाखवा

नोएडाच्या सेक्टर 62 मधल्या एका क्लासच्या ऑफिसात काउन्सिलर बाईंनी मला पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. उशीर झाला आहे, बॅच भरत आली आहे, आज पैसे भरले तर सवलत मिळेल. "मॅम, आठवीं में नहीं डाला तो बच्ची पीछे रह जाएगी." बच्ची शेजारीच बसली होती. तिला कुठलं गणित आवडतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, तुमच्याकडच्या एखाद्या मुलाने लिहिलेली आणि शिक्षकाने तपासलेली सिद्धता दाखवा. त्यांनी ओएमआर चाचणीच्या निकालाचा कागद पुढे केला. ऑलिम्पियाडच्या नावाने वर्षाची फी मागणाऱ्या क्लासमध्ये तपासलेली एक वही नाही, ही फसवणूक आहे आणि ती मी फसवणूकच म्हणणार.

ऑलिम्पियाड म्हणजे काय, हे आपण पालकांनीच नीट समजून घेतलेलं नाही. शाळेत पहिलीपासून खासगी संस्था पर्यायी उत्तरांच्या परीक्षा घेतात, त्यांनाही ऑलिम्पियाड म्हणतात. पदकं वाटतात, फोटो काढतात. खऱ्या ऑलिम्पियाडशी त्यांचा काही संबंध नाही. खरी वाट आयओक्यूएम या पात्रता परीक्षेपासून सुरू होते. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी तीन तासांत तीस प्रश्न, शंभर गुण, आणि प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधला पूर्णांक. पुढे प्रादेशिक फेरी आरएमओ, तिथे तीन तासांत सहा प्रश्न, आणि प्रत्येकाची सिद्धता कोऱ्या कागदावर पूर्ण लिहायची. मग राष्ट्रीय फेरी आयएनएमओ, मग निवड शिबिर, आणि शेवटी सहा जणांचा संघ. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका दिवशी साडेचार तासांत तीन प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. जेईई मेनमध्ये तीन तासांत पंच्याहत्तर प्रश्न सोडवायचे असतात. या दोन तयाऱ्या एकाच बाकावर, एकाच शिक्षकाकडून, 'फाउंडेशन प्लस ऑलिम्पियाड' म्हणून विकणाऱ्याला एकतर गणित कळत नाही किंवा लाज नाही.

तरीही मी एका ठिकाणी डेमोला मुलीसोबत बसले. सरांनी फळ्यावर लिहिलं: 1 ते 100 मधल्या कुठल्याही 51 संख्या घ्या, त्यांत दोन संख्या अशा असणारच की त्यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही. सुंदर प्रश्न. मुलं पेन्सिल उचलतात न उचलतात तोच सर म्हणाले, "पिजनहोल लगाओ, पचास जोड़े बनाओ, दो लगातार मिलेंगे, हो गया." दोन मिनिटांत पुढचा प्रश्न. माझी मुलगी वहीत सम संख्या मांडत होती. पन्नास सम संख्या घेतल्या तर अशी जोडी टाळता येते, मग एक्कावन्नावी घेतली की काय बिघडतं, इथपर्यंत ती पोचली होती. ती ओळ अर्धी राहिली. तिचा शोध तिच्या हातून काढून घेतला आणि त्याचे पैसे आमच्याकडून मागितले.

हाच प्रश्न गणितज्ञ पॉल एर्डशने लायोश पोशा नावाच्या बारा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाला जेवताना घातला होता. मुलाने सूप पिता पिता तो स्वतः सोडवला, ही गोष्ट गणितवाल्यांना पाठ असते. त्यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोशा मोठा झाल्यावर हंगेरीत मुलांसाठी शिबिरं घेऊ लागला. तिथे उत्तर सांगत नाहीत. प्रश्न देतात आणि मुलांना त्यांच्याशी झुंजू देतात. आपल्या क्लासला हे परवडत नाही, कारण गप्प बसून विचार करणाऱ्या मुलांचा वर्ग डेमोला आलेल्या पालकाला रिकामा वाटतो.

आणि इथे आपला दोष येतो. 2024 साली आयओक्यूएम 8 सप्टेंबरला होती, नेमकी ऋषिपंचमी. आदल्या संध्याकाळी आमच्या ओळखीच्या मराठी घरी आरतीला जमलो होतो. मोदक हातात घेऊन प्रत्येक जण विचारत होता, "वहिनी, तुमची कुठल्या क्लासला?" एकानेही विचारलं नाही की मुलं सध्या कोणत्या गणितावर अडली आहेत. आपण फ्लेक्सवरचे चेहरे मोजतो. त्या वर्षी इंग्लंडमधल्या बाथला झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताचा संघ चौथा आला, चार सुवर्णपदकं घेऊन. संघात मुलं सहाच होती. त्यांच्या यशावर हक्क सांगणाऱ्या क्लासला विचारा, तो मुलगा तुमच्याकडे काय शिकला, किती दिवस, फी भरून की फुकट? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या नियमांनुसार हे जाहिरातीतच लिहायला हवं. त्याआधी जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वं काढली होती: सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, रँकची हमी देऊ नये, मध्येच सोडल्यास उरलेली फी दहा दिवसांत परत करावी. आठवीची मुलगी तेरा वर्षांची असते, हे काउन्सिलरला ठाऊक नसतं का? जानेवारी 2025 मध्ये एका मोठ्या क्लासची नोएडा-गाझियाबादची केंद्रं सत्राच्या मध्येच बंद पडली आणि वर्षा-दोन वर्षांची फी आगाऊ भरलेले पालक पोलिसांत गेले. तरी आगाऊ फी भरणं आपण थांबवत नाही.

मी काय केलं ते सांगते. पुण्याहून 'ॲन एक्सकर्शन इन मॅथेमॅटिक्स' मागवलं. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचं हे पुस्तक, मोडक, कात्रे, आचार्य आणि शोलापूरकर यांनी मिळून केलेलं. किंमत काही शे रुपये. जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सोसायटीतले एक निवृत्त प्राध्यापक रविवारी चार मुलांच्या वह्या लाल पेनने तपासतात. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या मुलीच्या दीड पानाच्या सिद्धतेवर एकच वाक्य लिहिलं, "हे का खरं आहे?" ती तीन दिवस त्या वाक्यावर अडून होती. चौथ्या दिवशी रात्री अकराला तिने मला उठवलं, "आई, मला कळलं." असे चार दिवस देणारा क्लास नोएडात कुठे असेल तर मी उद्या फी भरेन.

सेक्टर 62 मधून अजून फोन येतात. मी घेते आणि तपासलेली वही मागते. काउन्सिलर बाई म्हणतात, "मॅम, सर से पूछकर बताती हूँ."