सहज प्रेक्षकाचा अभिप्राय आणि मराठी समीक्षा

चित्रपटाचा विचार मराठी विभागांना आता नवा राहिलेला नाही. कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट यांची तुलना, माध्यमांतराचे प्रश्न, पटकथेची संहिता म्हणून चिकित्सा असे विषय पदव्युत्तर पातळीवर रुळले आहेत. ह्या अभ्यासांत लेखक असतो, दिग्दर्शक असतो, वृत्तपत्रीय परीक्षकाचे उताऱ्यांमागून उतारे असतात. नसतो तो तिकीट काढून चित्रपट पाहिलेला आणि घरी परतताना त्याविषयी चार वाक्ये बोललेला माणूस. त्याला सोयीसाठी 'सहज प्रेक्षक' म्हणावे. त्याचा अभिप्राय अप्रशिक्षित, अल्पाक्षरी आणि बहुधा विसरला जाणारा असतो. म्हणून तो समीक्षेच्या कक्षेबाहेरचा, अशी समजूत दृढ झाली आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे मराठी अभिरुचीच्या इतिहासातील एक मोठे दालन रिकामे राहिले आहे.

ज्या घटनेपासून भारतीय चित्रपटाची कथा सांगितली जाते, ती घटनाच मुळी एका सहज प्रेक्षकाचा अभिप्राय आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, तेव्हा ते चित्रपटनिर्माते नव्हते. छायाचित्रण आणि मुद्रण हे त्यांचे व्यवसाय होते. पुढे १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखमालेत त्यांनी त्या अनुभवाचे जे वर्णन केले, ते चित्रपटाच्या गुणदोषांचे नाही. पडद्यावर ख्रिस्त सरकत असता मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशा आशयाचे ते निवेदन आहे. समोरच्या कलाकृतीशी काटेकोर इमान राखणाऱ्या समीक्षकाने ह्या प्रेक्षकाला नापास केले असते. त्याने पाहायचे ते पाहिलेच नाही. त्या जागी स्वतःचे काही आणून बसवले.

येथे अभिनवगुप्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'अभिनवभारती'त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत, आणि स्वगत किंवा परगत अशा भावनेने विशिष्ट देशकालात अडकून राहणे हे त्यांपैकी एक आहे. फाळके ह्या विघ्नाचे ठळक उदाहरण ठरतात. परंतु ह्याच विघ्नातून 'राजा हरिश्चंद्र' निर्माण झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. आस्वादाला जे विघ्न ते निर्मितीला बीज ठरू शकते, ही शक्यता रसचर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

मौजेची गोष्ट अशी की, सहज प्रेक्षकाची रोजची भाषा ह्या विघ्नांच्या यादीशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. 'असं कुठं असतं का?' हा उद्गार म्हणजे संभावनाविरहाची तक्रार होय. 'डोक्यावरून गेला' ह्यात स्फुटत्वाचा अभाव सांगितला जातो. 'हिरो राहिला बाजूला, व्हिलनच भाव खाऊन गेला' हे वाक्य अप्रधानतेचे विघ्न नेमके दाखवते. आणि घरी आजारी माणूस असल्यामुळे 'मन लागलं नाही' असे कोणी म्हणाले, तर ते स्वतःच्या सुखदुःखाने विवश होण्याचे प्रांजळ निवेदन असते. संस्कृत काव्यशास्त्र ज्याने कधी ऐकले नाही, त्याच्या बोलण्यात शास्त्राचे विभाग सापडतात, ह्यावरून तो शास्त्रज्ञ ठरत नाही. पण त्याच्या अभिप्रायाला रचना असते, एवढे निश्चित ठरते. 'बरा आहे', 'पैसे वसूल', 'एकदा बघायला हरकत नाही' ह्या श्रेणींतील सूक्ष्म अंतरे प्रत्येक मराठी भाषकाला कळतात; ती नोंदवलेली मात्र कोठेही नाहीत.

न नोंदवण्याची किंमत किती मोठी असते हे नाशिकच्याच इतिहासात दिसते. 'लंकादहन' (१९१७) पाहताना पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायांतील जोडे काढून ठेवीत, ही आख्यायिका चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात भेटते. तिच्यात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वंदनाचे स्वरूप अधिकच विचारात पाडते. सीतेच्या वेळी त्यांनी काय केले? घरी जाऊन काय सांगितले? त्यांचे वर्तन आख्यायिकेत उरले, त्यांचे शब्द उरले नाहीत. पुढे १९२७ मध्ये सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट-चौकशी समिती नेमली. तिने ३५३ साक्षी घेतल्या, आणि नाशिकहून फाळक्यांनीही आपले म्हणणे मांडले. ह्या साक्षीपुराव्याचे खंड अभ्यासकांना मोलाचे वाटतात, आणि ते आहेतही. परंतु त्यांत बोलतात ते मुख्यत्वे अधिकारी, निर्माते, चित्रगृहचालक, शिक्षक आणि प्रतिष्ठित नागरिक. अशिक्षित प्रेक्षकाला काय आवडते, त्याच्यावर कोणता परिणाम होतो, ह्याची चर्चा पानोपानी आहे. तो स्वतः मात्र साक्षीदाराच्या खुर्चीत क्वचितच बसलेला दिसतो.

अभिप्रायाच्या शब्दांना महत्त्व का द्यावे, ह्याचे एक साधे गमक नामनिर्देशात आहे. पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलताना प्रेक्षक पात्राचे नाव घेतो की नटाचे? 'लंकादहन'च्या प्रेक्षकासमोर साळुंके नव्हते, राम होता. 'नटसम्राट' (२०१६) पाहून आलेला प्रेक्षक सहसा 'बेलवलकर' म्हणत नाही. 'नानाने रडवलं' असे म्हणतो. त्याच वर्षी आलेल्या 'सैराट'विषयी बोलताना मात्र रिंकू राजगुरू हे नाव मागे पडले आणि सर्वतोमुखी 'आर्ची' झाले. पहिल्या वाक्यात नटाच्या सामर्थ्याला दाद आहे, म्हणजे कलेचे भान शाबूत आहे. दुसऱ्यात नटीच पात्रात विरघळली आहे. नवख्या चेहऱ्याला पूर्वप्रतिमा नसते हे त्याचे एक कारण झाले, पण एकमेव नव्हे. तादात्म्य आणि ताटस्थ्य ह्यांविषयी मराठी समीक्षेने बरेच लिहिले आहे. त्या चर्चेला एका विशेषनामाच्या निवडीत इतका उघड पुरावा मिळत असता तो वापरला जाऊ नये, हे नवलच.

'नटसम्राट'च्या निमित्ताने नाशिककरांना आणखी एक प्रसंग आठवावा. वि. वा. शिरवाडकर शिक्षण संपल्यावर गोदावरी सिनेटोनमध्ये गेले, 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि तीत लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. भावी 'नटसम्राट'कारांना प्रेक्षकांनी तेव्हा नाकारले. का नाकारले, हे त्या प्रेक्षकांपैकी एकाच्याही शब्दांत उपलब्ध नाही. शिरवाडकरांच्या नाट्यदृष्टीच्या अभ्यासकाला ती दोन वाक्ये केवढी उपयोगी पडली असती!

सहज अभिप्राय नेहमी कलाविषयकच असतो, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. 'माहेरची साडी' (१९९१) पाहून डोळे पुसत बाहेर येणाऱ्या स्त्रियांची अभिजनांनी पुष्कळ थट्टा केली. अतिरंजित, अश्रुपाती, ही विशेषणे त्या चित्रपटाला लावता येतील, आणि ती अयोग्यही नाहीत. परंतु 'फार रडू आलं' हे वाक्य त्या स्त्रिया एकमेकींना सांगत होत्या, तेव्हा त्या चित्रपटाची प्रत ठरवीत नव्हत्या. सासरी काय सोसावे लागते हे उघड न बोलता बोलण्याची सोय त्यांना चित्रपटाने करून दिली होती. जात्यावरच्या ओव्यांत हेच कार्य पाहणारे लोकसाहित्याचे अभ्यासक चित्रगृहाच्या पायरीशी येताच नाक का मुरडतात, हे समजत नाही. 'सैराट'च्या बाबतीत हा नैतिक अंश अधिक तीव्र झाला. ज्या प्रेक्षागृहात गाण्यांवर माणसे नाचली, त्याच प्रेक्षागृहात शेवटच्या निःशब्द दृश्यानंतर कोणाला उठवेना. बाहेर आल्यावर 'शेवट असा करायला नको होता' हे वाक्य मुबलक ऐकू येई. ते कोण उच्चारतो ह्यावर त्याचा अर्थ बदले. एकासाठी ती करुणा होती, दुसऱ्यासाठी आपल्या समाजाकडे रोखलेले बोट नाकारण्याची सभ्य तऱ्हा, आणि तिसऱ्यासाठी केवळ खेळाचा विरस. एकाच वाक्याचे हे तीन अर्थ वेगळे करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. तिकीटविक्रीच्या आकड्यांना ते साधणारे नाही, आणि तिकिटासोबत प्रेक्षकाकडून तारे मागवण्याची जी नवी रीत आली आहे तिलाही नाही.

नाशिक जिल्ह्यातच मालेगाव आहे, आणि तेथे सहज प्रेक्षकाने शब्दांऐवजी कॅमेऱ्याने अभिप्राय दिला. व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर ह्यांनी यंत्रमागांच्या त्या गावात 'मालेगाव के शोले' काढला. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या अनुबोधपटाने तो आणि त्यानंतरचा 'सुपरमॅन'चा उद्योग जगापुढे आणला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा हिंदी कथापटही त्यावर आला. ह्या प्रयत्नांना विडंबन म्हटले जाते. ते अपुरे वर्णन आहे. डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली येतात, तेव्हा मूळ चित्रपटाचा उपहास होतो त्याहून अधिक, त्या चित्रपटाच्या वैभवापासून आपण किती दूर आहोत ह्याचे मोजमाप होते. फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जागी कृष्ण पाहिला. मालेगावकरांनी रामगढच्या जागी आपले गाव पाहिले. क्रिया एकच आहे.

ह्या विचारावर एक रास्त आक्षेप घेता येतो. विद्यार्थी वही घेऊन प्रेक्षकासमोर उभा राहिला की प्रेक्षकाचे बोलणे बदलते. तो सावरून बसतो आणि म्हणतो, 'चित्रपटातून चांगला संदेश दिला आहे.' आक्षेप खरा आहे, पण त्याचे खापर प्रेक्षकावर फोडता येत नाही. 'संदेश' हा शब्द चित्रगृहातला नाही, वर्गातला आहे. कवितेखाली मध्यवर्ती कल्पना आणि गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावणाऱ्या अध्यापनाने ही सवय लावली. आपले खरे अभिप्राय शिकलेल्यांसमोर काढण्याजोगे नाहीत, ही लाज मराठीच्या शिक्षकांनीच निर्माण केली आहे. आणि मग सामान्यांना समीक्षेची भाषा नाही, असा निष्कर्षही तेच काढतात. 'कोर्ट' (२०१४) सारखा चित्रपट 'बोअर' वाटला हे शिक्षकाला सांगण्याची सोय विद्यार्थ्यालाही नसते. वास्तविक त्या एका शब्दापाशी थांबून, स्थिर चौकटी आणि दीर्घ दृश्ये कोठे व का जड गेली असे विचारले, तर न्यायालयीन कामकाजाच्या कंटाळ्याचे चित्रण आणि प्रेक्षकाचा कंटाळा ह्यांतील नाते त्याच तासाला चर्चेला येऊ शकेल.

वही टाळण्याचा उपाय कठीण नाही. प्रत्येक विद्यार्थी कोणाचा तरी भाऊ, सून, शेजारी असतो. घरात झालेले बोलणे परवानगीने आणि नाव न देता त्याच रात्री टिपून ठेवणे त्याला शक्य असते. चित्रपट कोठे पाहिला, कोणाबरोबर, पहिल्यांदा की पुन्हा, इतका तपशील पुरे. खरी अडचण पुढे येते. मालेगाव-बागलाणकडील अहिराणी, सुरगाणा-पेठेकडील आदिवासी बोली आणि शहरातील मिश्र मराठी ह्या सर्वांत 'पिक्चर' चालतो, पडतो, लागतो, पकवतो. पण टिपणे प्रबंधात उतरवताना हे सारे 'चित्रपट प्रेक्षकांना भावला' अशा एकाच प्रमाण वाक्यात बसवण्याचा मोह संशोधकाला होतो, आणि बरेचदा मार्गदर्शकच तशी दुरुस्ती सुचवतो.