बुडालेल्या नगराचा धनी कोण?

ग्रीसच्या दक्षिण किनाऱ्यावर, एलाफोनिसोस बेटाच्या समोर, अवघ्या तीनचार मीटर पाण्याखाली पाव्लोपेत्री हे प्राचीन नगर पहुडले आहे. त्याचे रस्ते, घरांचे पाये आणि थडगी अद्याप ओळखू येतात. १९६७ साली निकोलस फ्लेमिंग या ब्रिटिश संशोधकाने ते हेरले व दुसऱ्याच वर्षी केंब्रिजच्या तुकडीने त्याचा नकाशा केला. पुढे चार दशके काम जवळजवळ थंडावले. २००९ साली ग्रीक सरकारचे सागरी पुरातत्त्व खाते आणि नॉटिंगहॅम विद्यापीठ एकत्र आले. सिडनीच्या तंत्रज्ञांचेही साहाय्य लाभले. पहिल्याच हंगामात सुमारे नऊ हजार चौरस मीटर क्षेत्रातील नवे अवशेष उजेडात आले. एकट्या देशाच्या बळावर हे इतक्या लवकर साधले असते, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि परकीयांच्या हाती आपली भूमी द्यावी काय, ही शंका ग्रीसला पडली तर तिला दोष देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनने पार्थेनॉनची शिल्पे उचलून नेली; ती आजही लंडनमध्येच आहेत. परंतु या शंकेचे उत्तर ग्रीसनेच १८७४ साली दिले. ऑलिंपियाच्या उत्खननाचा खर्च जर्मनीने सोसावा आणि सापडलेल्या वस्तूंची मालकी ग्रीसची राहावी, असा तो करार होता. सहकार्य आणि लूट यांतील सीमारेषा हीच होय.

परंतु मालकी म्हणजे रखवाली नव्हे. पाव्लोपेत्रीलगतच्या उपसागरात मोठी जहाजे नांगर टाकीत आणि त्यांच्यामुळे तळ ढवळला जाई. अखेर धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या २०१६ च्या जागतिक यादीत या नगराचे नाव आले. पाहुणे पंडित हंगाम संपताच घरी जातात. बारमाही पहारा यजमानालाच करावा लागतो.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला, तेव्हा असे कार्य आपल्या आवाक्यातले आहे हे सिद्ध झाले. साधने व विद्या जेथून मिळतील तेथून अवश्य घ्यावीत. त्यात कमीपणा नाही. मात्र मालकी सोडू नये आणि रखवालीची जबाबदारी तर कोणावरही ढकलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.