समजल्यावाचून लिहू नये

आज गुरुपौर्णिमा. यावल येथील महर्षी व्यासांच्या मंदिरात आज भाविकांची रीघ लागेल. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाशी व्यासांचे नाव श्रद्धेने जोडले गेले आहे. म्हणून आषाढी पौर्णिमेचे अप्रूप खानदेशास विशेष.

महाभारताच्या लेखनाची आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. व्यासांनी सांगावे आणि गणरायांनी लिहावे, असे ठरले. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, ही गणरायांची अट. त्यावर व्यासांनीही एक अट घातली : अर्थ समजल्यावाचून एकही अक्षर लिहावयाचे नाही. वेगाला विवेकाची जोड मिळाली, तेव्हा तो ग्रंथ सिद्ध झाला. आज मोबाईलच्या रूपाने गणरायांच्या लेखणीचा वेग घराघरांत आला आहे. व्यासांची अट मात्र आपण विसरत चाललो आहोत, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

या विसराची किंमत खानदेशाने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पसरली होती. ज्या समाजाला आपल्या वाडवडिलांनी ओंजळभर धान्य घालून हात जोडले, त्याच समाजाचे हे भिक्षेकरी! आपल्या लेकरांच्या काळजीपोटी आलेला संदेश पुढे धाडणाऱ्यांच्या मनी पाप नसेलही. परंतु खातरजमा केल्यावाचून धाडलेल्या शब्दाने पाच घरे उजाड केली.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मुलांना जपा, एवढे सांगण्यासाठी ती कराचीत तयार झाली होती. कोणी तरी तिचा शेवटचा बोध कापून टाकला आणि उरलेला भाग अपहरणाचा पुरावा म्हणून पसरविला. लोकशिक्षणाचे साधन असे लोकभयाचे साधन झाले. पुढे जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने वेगाला वेसण घातली. विवेक मात्र यंत्रास देता येत नाही.

म्हणून साधनासच दोष द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. याच महाराष्ट्रात २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झालेली पाणी फाउंडेशनची जलसंधारण स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोहोचली. त्या वर्षी १ मेच्या महाश्रमदानासाठी शहरांतील जलमित्रांनी इंटरनेटवरून नावे नोंदविली आणि गावकऱ्यांबरोबर कुदळ-फावडे हाती घेतले. शब्दामागे घाम उभा राहिला, म्हणून तो शब्द फळला. याच यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. मोबाईल नव्हता, साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले. समाज बदलावयाचा तर निरोप देणाऱ्याला आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे.

आमची प्रत्येक कुटुंबास विनंती एवढीच : आज गुरुपूजनानंतर घरातील लहानथोरांनी मिळून एक नेम करावा. भीती वा द्वेष जागविणारा संदेश आला, तर तो कोणी, कधी आणि कोठून धाडला, हे पाहिल्यावाचून पुढे पाठवू नये. शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारावे. खोटे ठरले, तर ज्याने पाठविले त्याला तसे स्पष्ट कळवावे. तो वडीलधारा असला तरी नम्रपणे कळवावे. आणि दाराशी अनोळखी भिक्षेकरी आला, तर प्रथम त्याचे नाव-गाव विचारावे.

व्यासांपुढे फुले आपण दरवर्षी वाहतो. यंदा त्यांची अट पाळू या. गुरुदक्षिणा याहून थोर ती कोणती?